कडी आतून हवी



इथलं कार्यालय आणि बीड, जालना, धाराशिवची केंद्रं यांच्यात दिवसभर व्हिडिओ चालू ठेवावा, अशी सूचना यावेळच्या बैठकीत आली. वेळ ठरवा, लिंक पाठवा ही कटकट नको; भिंतीवरच्या पडद्यात पलीकडची खोली कायम दिसावी, हाक मारली की बोलता यावं. एकटीने केंद्र सांभाळणाऱ्या कार्यकर्तीला हे का हवंसं वाटतं, ते कळतं. २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे खरं, पण प्रवासाचे तास काही अर्धे झालेले नाहीत!

कल्पना जुनीच आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये शेरी रॅबिनोविट्झ आणि किट गॅलोवे या कलावंतांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर माणसाएवढी थेट चित्रं तीन संध्याकाळी चालू ठेवली. आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापर्यंत बातमी पसरली आणि दुरावलेले नातेवाईक ठरवून समोरासमोर येऊन उभे राहिले. पुढे १९८५ च्या सुमारास झेरॉक्सच्या संशोधकांनी पालो अल्टो आणि पोर्टलंड इथली आपली कार्यालयं अशीच जोडली.

पण पडदा दोन्हीकडे असला तरी सत्ता दोन्हीकडे सारखी नसते. नेदरलँड्समध्ये घरून काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला नकार दिला, म्हणून अमेरिकी कंपनीने त्याला काढून टाकलं. २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने ते खाजगी आयुष्यावरचं आक्रमण ठरवलं. आपण मालक नाही, असं म्हणून सुटका नाही. मुख्य कार्यालयातून केंद्राकडे बघणारी नजर मैत्रिणीची आहे की तपासणीसाची, हे बघणारी नाही, जिच्याकडे बघितलं जातं ती ठरवते.

आणि केंद्रात फक्त आपण नसतो. मार खाऊन आलेली बाई दारात उभी राहते तेव्हा तिने आपल्यापुरता विश्वास टाकलेला असतो, पडद्यापलीकडच्या चार अनोळखी चेहऱ्यांवर नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या (२००५) कलम १६ मध्ये सुनावणी ‘इन कॅमेरा’, म्हणजे बंद दाराआड घेण्याची सोय आहे. शब्दाची गंमत बघा, तिथे कॅमेरा म्हणजे बंद खोली! कोर्टाने मानायची ती आडोशाची गरज आपणच विसरायची?

घरून काम करणाऱ्या मैत्रिणींचं तर आणखी वेगळं. दोन खोल्यांच्या घरात मागे सासू झोपलेली, नवरा येता-जाता ऐकणारा. टाळेबंदीत हे सगळ्यांनी अनुभवलंय.

म्हणून आमचं मत असं: पडदा लावावा, पण बैठकीच्या खोलीत; समुपदेशनाच्या खोलीत कधीच नाही, आणि तिथे येणारी बाई त्याच्या समोरून जाणार नाही अशा जागी. आवाज एरवी बंद. काहीही साठवून ठेवायचं नाही. जितकं आम्हाला दिसेल तितकंच तुम्हालाही. बंद करायचं बटण केंद्रातल्या कार्यकर्तीच्या हाती, आणि का बंद केलं हे विचारायचं नाही. घरून काम करणाऱ्यांना फोन पुरे.

बीडचं केंद्र दोन महिने करून बघायला तयार आहे. ज्यांना हे मुळातच पटत नाही त्यांनी जरूर लिहावं, पुढच्या अंकात छापू.