हायब्रीड म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी

मी वाइन पीत नाही, हे आधीच सांगतो. पण जर्मनीतला भाचा फोनवर म्हणाला, "मामा, रेगेंट हायब्रीड आहे, अस्सल नव्हे," आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

रेगेंट हे लाल वाइनचे द्राक्ष. १९६७ साली जर्मनीतल्याच गाइलवाइलरहोफच्या संशोधन केंद्रात संकरातून जन्मले. बापाकडून अमेरिकन रानवेलींचा अंश आला, म्हणून डाउनी-भुरीला बऱ्यापैकी दाद देत नाही. थंड मुलखातही वेळेत पिकते. फवारण्या वाचणे म्हणजे काय, हे आमच्या नाशिककडच्या बागाईतदाराला विचारा!

आणि तुमच्या 'अस्सल' जाती? एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेराने मुळे खाल्ल्यापासून युरोपातले बहुतेक वेल अमेरिकन खुंटावरच उभे आहेत. पाय उसने चालतात, रक्त मिसळले की मात्र कूळ बाटते? भाचेबुवा, सांगा बघू.