हसू उशिरा का येते?

दूरदर्शनवरील ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव चारचौघांत गोंधळत, अवघडत, आणि आपण हसत असू. २०१८ साली सोनी मराठीवर सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये समीर चौघुले यांची पात्रेही अशाच अवघड प्रसंगांत सापडतात. फरक आहे तो वेगाचा. लिहिलेल्या संवादात कलाकार ऐनवेळी भर घालतात, दोघे एकदम बोलतात, त्यावर परीक्षकांचे हसणे आणि संगीत चढते. नेमका विनोदी शब्द पुष्कळदा त्या गलक्यातच हरवतो.

आता पडद्याकडून नजर काढून घरातील आजोबांकडे पाहा. सगळे हसले की क्षणभराने ते हसतात. कधी विचारतात, “काय म्हणाला?” उत्तर मिळते, “काही नाही हो.” चार वेळा असे झाले की ते विचारणे सोडतात, आणि पुढे बैठकीत येणेही. पडद्यावरचे अवघडलेपण करमणूक असते; हे मात्र तसे नाही.

वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. स्वर ऐकू येतात. स, त, च यांसारखी व्यंजने निसटतात. मग ‘साप’, ‘ताप’ आणि ‘चाप’ सारखेच वाटू लागतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. टीव्ही मोठा केल्याने गलकाही तितकाच वाढतो, म्हणून त्याचा उपयोग बेताचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढील चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांना त्रासदायक श्रवणदोष असतो. आपल्या बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी यंत्रांच्या खडखडाटात उमेदीची वर्षे घालवली, त्यांच्या कानांवर वयाबरोबर त्या आवाजाचाही भार असतो. (कानात घालायचे बोळे तेव्हा किती जण वापरीत, हे त्यांनाच विचारावे!)

याहून गंभीर बाब अशी की, न ऐकल्यामुळे दिलेले विसंगत उत्तर घरच्यांना विस्मरण वाटते. “बाबांचे डोके चालेनासे झाले,” असे म्हणत माणसे दवाखान्यात येतात. कान तपासल्याविना असा निष्कर्ष काढू नये. शिवाय लॅन्सेट आयोगाने उपचार न झालेल्या श्रवणदोषाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत केली आहे.

आधी कानातील मळ डॉक्टरांकडून पाहून घ्यावा. काडी वा तेल घालू नये. मग श्रवणतपासणी करावी आणि सांगितल्यास श्रवणयंत्र वापरावे. सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी कंटाळून ते कपाटात ठेवणारे पुष्कळ. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राचा समावेश आहे. एका कानाने अचानक, एकदोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. उपचाराला उशीर झाला की फायदा घटतो.

घरच्यांनी आजोबांसमोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, ओरडता न बोलता संथपणे बोलावे. हास्यजत्रा सुरू असताना त्यांनी “काय म्हणाला?” विचारले, तर टीव्हीचा आवाज क्षणभर बंद करून तो विनोद त्यांना पुन्हा सांगावा.