पट्टीचा पोहणाराही बुडतो



‘पोहता येणाऱ्याला लाइफ जॅकेट कशाला’ असा सवाल आपल्या अंकातील लेखात आहे. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. ती सहलीची बोट नव्हती, रोजच्या ये-जा करण्याची होती. त्याच वर्षी 18 डिसेंबरला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. अशा वेळी बाकाखालचे जॅकेट शोधून अंगात चढवायला कोणाला सवड मिळते?

‘खटाव-माणसारख्या दुष्काळी मुलखात बुडायला पाणी कुठे?’ ही कोटी तर लेखकाने टाळायला हवी होती. वडूजजवळ येरळवाडीचा तलाव आहे, पुसेगावकडे नेरचा आहे. आणि शेततळी? प्लास्टिकच्या अस्तरावर शेवाळ धरले की पाय ठरत नाही. चांगला पोहणाराही काठावर चढू शकत नाही. गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम तळ्यात सोडून ठेवणे, एवढाच खर्च आहे.

दारू पिऊन पाण्यात उतरू नये, हे लेखातले म्हणणे मान्य. पण बुडणारा ‘वाचवा’ म्हणून ओरडेल, या भरवशावर राहू नका. तोंडात पाणी गेलेला बहुधा आवाज न करताच जातो. बाहेर काढल्यावर त्याला उलटे धरून पोट दाबू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी, 108 ला फोन लावावा.

विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेल्या पिढीला जॅकेटचे वावडे का, हे कोडेच आहे.

— एक वाचक, वडूज (ता. खटाव)