शब्दांखाली नाव हवे

चाल झकास असली की झाले, शब्दांकडे कोण लक्ष देतो, असे म्हणणाऱ्यांनी पोलादपूर तालुक्यातल्या कापडे, उमरठ या गावांत जाऊन तानाजी मालुसऱ्यांबद्दल विचारावे. मुलगा रायबा याच्या लग्नाचे आमंत्रण आणि कडा चढणारी घोरपड, हे कोणीही सांगेल. सिंहगडची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. घोरपडीची गोष्ट इतिहासाचे अभ्यासक मानत नाहीत, तरी ती लोकांच्या मनातून जात नाही, कारण ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाडे छापले, तोवर हे शब्द मुख्यतः तोंडातोंडी टिकले होते. ज्या मुलखाला आपल्या वीराची ओळख गाण्याने करून दिली, त्या मुलखाने तरी गाण्यातल्या शब्दांना किरकोळ समजू नये.

त्याच मुलखात आज शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या, म्हणजे दोन शाहिरांचे सामने, रंगतात. गौरी-गणपतीत गावी आणि एरवी मुंबईच्या नाट्यगृहांत चाकरमानी रात्र रात्र बसतात. गण, गवळण आणि मग सवाल-जवाब. शिव मोठा की शक्ती, या वादातून पुराणांतले कोडे घालायचे आणि समोरच्याने ते छंदात सोडवायचे, हा या कलेचा प्राण. शेतावर आणि गिरणीत राबणाऱ्या माणसांनी त्यासाठी पोथ्या वाचल्या, पाठ केल्या. ही या भागाची विद्या आहे, असे आम्ही पूर्ण जबाबदारीने म्हणतो. आता अनेक बाऱ्यांत कोडे मागे पडले आहे. सिनेमाच्या चालीवर समोरच्या शाहिराच्या घरावर, रंगारूपावर घसरायचे आणि समोर बाई असेल तर द्व्यर्थी बोलून शिट्ट्या मिळवायच्या. सगळेच शाहीर असे नाहीत. पण मोबाइलवर फिरतो तो नेमका तेवढाच अर्ध्या मिनिटाचा तुकडा, आणि नवी पोरे तेच गाणे समजून शिकतात.

यावर शिमग्याचा दाखला दिला जातो. होळीपुढच्या बोंबा आणि फाग कुठे सोवळे असतात? खरे आहे, नसतात. पण त्यांना दिवस ठरलेला होता, जागा ठरलेली होती, आणि सण सरला की ते शब्द तोंडातून उतरत. शृंगाराचेही तसेच. राम जोशींच्या लावणीतला शृंगार धीट आहे, पण त्यात स्त्रीची इच्छा बोलते, तिची टिंगल होत नाही. प्रश्न सोवळ्याओवळ्याचा नाहीच. शब्द कोणाला लागतो आणि ज्याला लागतो त्याला उत्तर देण्याची सोय आहे का, हा प्रश्न आहे. बारीवर उभ्या असलेल्या बाईने जवाब चोख दिला, तरी तुकड्यात तिचा जवाब कापलेला असतो.

मग बंदी घालावी काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. सार्वजनिक ठिकाणी अश्लील गाणे गाऊन इतरांना त्रास देणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार गुन्हाच आहे, शिक्षा तीन महिन्यांपर्यंतची. जिथे एखादीला खरोखर त्रास दिला जातो तिथे ते वापरावे. पण अभिरुची हुकमाने घडत नाही. आपल्या पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटवायला घेतली. देशाने रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करून सरकारला तीच गाणी पुन्हा लावावी लागली.

उपाय आपल्याच परंपरेत आहे. शेवटच्या कडव्यात शाहीर आपले आणि गुरूचे नाव गुंफतो. तुळशीदासाचे नाव आपल्याला माहीत आहे ते त्याने पोवाड्यात ते गुंफले म्हणूनच. ज्याला शेवटी गुरूचे नाव घ्यायचे आहे, तो आधीच्या कडव्यात काय लिहावे याचा दहादा विचार करतो. आजच्या लोकप्रिय गाण्यांत मात्र गायकाचा चेहरा दिसतो, संगीत कंपनीची मुद्रा दिसते, आणि लिहिणारा बहुतेकदा दिसतच नाही. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकाराला रॉयल्टीचा हक्क पक्का करून दिला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत लढले. तो हक्क बारीची गाणी लिहिणाऱ्या गावच्या कवीपर्यंत अजून पोचलेला नाही. त्याला बिदागीही नसते आणि त्यामुळे जबाबदारीही नसते.

म्हणून महाड-पोलादपूरच्या ग्रामस्थ मंडळांना, विशेषतः पैसा उभा करणाऱ्या मुंबईच्या मंडळांना आमची विनंती आहे. येत्या गणपतीत बारीची सुपारी देताना दोन अटी घाला. फलकावर आणि चित्रफितीवर शाहिराइतक्याच मोठ्या अक्षरांत कवीचे व गुरूचे नाव द्या आणि कवीची बिदागी वेगळी ठरवा. आणि चित्रफीत चढवाल तेव्हा सवालासोबत जवाबही अखंड चढवा.