बंदी कोणाच्या ताटावर?

तिरुचिरापल्ली विभागातील आमच्या एका सहकाऱ्याने शाखेच्या बैठकीत एक ठराव मांडला. "परदेशी पामतेलाची आयात सरकारने ताबडतोब बंद करावी" एवढाच मजकूर होता. टाळ्या पडल्या, कोणी विरोध केला नाही. तरीही आम्ही तो ठराव मंजूर न करता पुढील बैठकीपर्यंत राखून ठेवला. सहकारी नाराज झाले. त्यांना आणि सर्वच सभासदांना आमची भूमिका सांगणे आमचे कर्तव्य आहे.

हे सहकारी तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडूचे. मराठी माणसाला हे गाव परके वाटू नये. तंजावरच्या सरफोजी राजांनी येथे मुक्तांबाळच्या नावाने छत्र बांधले आणि रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंच्या जेवणाची सोय केली. गावाला रेल्वे स्टेशन नाही, पण रेल्वेत नोकरीला लागलेली मुले आहेत. १९३४ साली मेट्टूर धरणाबरोबर झालेल्या कल्लणै कालव्याचे पाणी या भागात येते. त्या पाण्यावर भात होतो आणि नारळ होतो.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी 'गज' चक्रीवादळ आले आणि ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै, पेरावूरणी या पट्ट्यातील नारळाच्या बागा आडव्या झाल्या. नारळाचे झाड आज लावले म्हणून उद्या फळ देत नाही, पाच-सहा वर्षे सांभाळावे लागते. लोकांनी कर्ज काढून पुन्हा रोपे लावली. वाचलेल्या झाडांचे खोबरे २०२३ साली बाजारात नेले, तर भाव हमीभावाच्याही खाली. त्याच वेळी तामिळनाडूच्या रेशन दुकानांत परदेशी पामतेल २५ रुपये लिटरने मिळत होते. शेतकऱ्यांनी विचारले, आमचे खोबरेल पडून असताना रेशनवर परदेशी तेल का? प्रश्न रास्त आहे. सहकाऱ्याचा ठराव त्यातूनच आला.

आता दुसरी बाजू. याच सहकाऱ्याच्या घरी गावी भाऊ बाग बघतो. आम्ही त्यांना विचारले, "घरात तळण कोणत्या तेलात होते?" ते हसले आणि म्हणाले, "रेशनच्या." नारळ विकणारे घरच जर पामतेलावर चालत असेल, तर त्या बागेत रोजंदारीने नारळ सोलणाऱ्याच्या घरी काय स्थिती असेल? २०२५ साली खोबऱ्याचे भाव हमीभावाच्या कितीतरी वर गेले. बागाईतदाराला चार पैसे मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्या वर्षी रेशनचे पामतेल बंद असते, तर सोलणाऱ्या मजुराच्या चुलीवर कढई चढली नसती.

आमच्यापैकी अनेकांना रेल्वे कॉलनीतील १९८० च्या दशकातील दिवाळी आठवत असेल. तेव्हा खासगी व्यापाऱ्याला खाद्यतेल आयात करण्याची मुभा नव्हती. राज्य व्यापार महामंडळ तेल आणी आणि ते रेशनवर येई. आपण डबा घेऊन रांगेत उभे राहत असू. १९९४ साली पामोलिन खुल्या आयातीत टाकले आणि पुढे आयात शुल्कही उतरत गेले. आज देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. तेलबियांचा शेतकरी त्यात मोडला. हे पाप उदारीकरणाचे आहे आणि ते आम्ही वारंवार सांगितले आहे.

मग बंदी हा त्यावर उपाय आहे काय? अनुभव काय सांगतो ते पाहू.

केरळच्या नारळ उत्पादकांसाठी केंद्राने २००७ साली कोचीन बंदरातून पामतेल उतरवण्यास मनाई केली. पुढे ती केरळच्या सर्व बंदरांना लागू झाली. तेल थांबले काय? नाही. ते तुतिकोरीन आणि मंगळूरला उतरले व टँकरने केरळात पोहोचले. कोचीनच्या गोदी कामगाराचे काम मात्र गेले.

जानेवारी २०२० मध्ये शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध आले. मलेशियाच्या पंतप्रधानांनी भारतावर टीका केली म्हणून हे झाले, असे तेव्हा सर्वत्र बोलले गेले. कच्चे पामतेल मात्र येतच राहिले. लाभ झाला तो ते शुद्ध करणाऱ्या कारखानदारांचा. ओरत्तनाडूच्या नारळाला त्यातून दमडी मिळाली नाही. तेलाचे भाव भडकले तेव्हा ३० जून २०२१ रोजी तोच निर्बंध उठवला गेला.

सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीन उत्पादकांच्या नावाने कच्च्या तेलावरील शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के केले. सणाच्या तोंडावर तेल महागले. लातूरच्या शेतकऱ्याला मात्र ४,८९२ रुपयांचा हमीभाव बाजारात मिळाला नाही. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा उतरले. पेरणी करणाऱ्याने भरवसा कशावर ठेवायचा?

समुद्रापलीकडचे उदाहरण याहून कठोर आहे. १९७० नंतर श्रीलंकेत सिरिमावो बंदरनायके यांच्या सरकारने मिरची, कांदा, बटाटा अशा मालाची आयात रोखली, डाळींवर निर्बंध घातले. जाफनाच्या शेतकऱ्याचे दिवस पालटले, हे खरे. पण चहाच्या मळ्यांवरील मजुराकडे जमीन नव्हती, होती ती फक्त मजुरी. रेशनही कापले गेले आणि १९७३-७४ साली मळ्यांवर भूकबळी पडले. त्या मजुरांपैकी अनेकांचे पूर्वज याच तंजावर-तिरुचिरापल्लीकडून गेलेले होते.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. आयातबंदीने भाव वाढतो, पण वाढलेला भाव शेतकऱ्याच्याच हाती पडेल याची हमी बंदी देत नाही. ती हमी सरकारी खरेदी देते. आणि मजुराच्या ताटाची हमी रेशन देते. या दोन गोष्टी नसतील तर बंदी म्हणजे व्यापाऱ्याला दिलेली मोकळीक. कायम रेल्वे कामगाराला सहा महिन्यांनी महागाई भत्ता तरी मिळतो. कंत्राटदाराकडे डबे धुणाऱ्याच्या हाती तोही पडेलच असे नाही. या माणसाला विसरून संघटनेने ठराव करू नये.

म्हणून आम्ही ठराव फेटाळलेला नाही, तो दुरुस्त करून पुढील बैठकीत आणणार आहोत. खोबरे, भुईमूग आणि सोयाबीनची हमीभावाने खरेदी हंगामाच्या पहिल्या दिवसापासून व्हावी. रेशनच्या तेलात देशी तेलाचा हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि किमतीतील फरक सरकारने सोसावा, कार्डधारकाने नव्हे. आयात शुल्काचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर करून हंगामभर कायम ठेवावे. आणि हे होईपर्यंत २५ रुपयांचे तेल एका लिटरनेही कमी होता कामा नये.

ओरत्तनाडूच्या सहकाऱ्याला आमचे सांगणे आहे की, तुमच्या भावाची बाग आणि तुमच्या भावाची चूल या दोन्हींसाठी लढायचे आहे. एकीसाठी दुसरी विझवून चालणार नाही. सभासदांनी दुरुस्त ठरावावर शाखाशाखांतून चर्चा करावी आणि आपली मते लेखी कळवावीत.