चालत्या कंट्रोलरला नकार

नवा कन्सोल घरात आला की जुना माळ्यावर जाणार, हे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनी केव्हाच मान्य केले आहे. मात्र जुन्या कन्सोलसोबत त्याचा सुस्थितीतील कंट्रोलरही माळ्यावर गेलाच पाहिजे, ही अट अद्याप कोणीही पटेल अशा रीतीने समजावून दिलेली नाही. कंट्रोलर म्हणजे खेळाडूच्या हातातील ते उपकरण, ज्यावरील बटणे, अंगठ्यांनी फिरवायच्या दोन स्टिक आणि तर्जनीखालचे ट्रिगर यांच्याद्वारे पडद्यावरील पात्राला आज्ञा दिली जाते. चार्जरच्या पिना वारंवार का बदलाव्यात, हा या सदराचा जुना धोशा नियमित वाचकांना ठाऊक आहे. कंट्रोलरचा प्रश्न त्याच जातीचा असला तरी अधिक गंभीर आहे, कारण येथे केबलही लागते, बिनतारी संपर्कही जुळतो आणि तरीही नकार मिळतो. प्लेस्टेशन ५ विकत घेणाऱ्याने दुसरा कंट्रोलरही त्याच वेळी घ्यावा, जुना चालत नाही, असा सल्ला दुकानांतून सर्रास दिला जातो. तो सल्ला अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्याविषयी तक्रार करणे आवश्यक झाले आहे.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आला आणि भारतात त्याची विक्री २ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाली. त्यापूर्वीच, ऑगस्ट २०२० मध्ये, सोनीने जाहीर केले होते की प्लेस्टेशन ४ सोबतचा ड्युअलशॉक ४ हा कंट्रोलर नव्या कन्सोलवर केवळ प्लेस्टेशन ४ च्या खेळांसाठी वापरता येईल आणि प्लेस्टेशन ५ च्या खेळांसाठी ड्युअलसेन्स हा नवा कंट्रोलरच लागेल. भारतात आरंभी कन्सोलची किंमत ४९,९९० रुपये होती आणि सुट्या ड्युअलसेन्सची ५,९९० रुपये, म्हणजे मूळ यंत्राच्या जवळजवळ आठव्या हिश्शाइतकी.

या नियमाचा खरा अर्थ ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ या २०२२ च्या खेळात स्पष्ट दिसतो. हा खेळ दोन्ही पिढ्यांच्या कन्सोलसाठी निघाला, त्यामुळे एकाच प्लेस्टेशन ५ वर त्याची जुनी आवृत्ती लावली तर ड्युअलशॉक ४ निमूटपणे काम करतो. वीर तोच, कुऱ्हाड तीच, ती फेकण्याचे बटणही तेच. त्याच खेळाची नवी आवृत्ती पैसे भरून घेतली की तोच कंट्रोलर त्याच खोलीत, त्याच यंत्राशी जोडलेला असूनही निरुपयोगी ठरतो. ज्या खेळाडूने अधिक पैसे मोजले, त्याच्याच हातातून चालती वस्तू काढून घेतली जाते आणि या व्यवहाराला तांत्रिक गरज असे नाव दिले जाते.

उत्पादकाची बाजू निराधार नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ड्युअलसेन्सच्या ट्रिगरमागे छोटी मोटर असते आणि खेळातील प्रसंगानुसार ती बोटाला कमीअधिक विरोध करते, त्यामुळे धनुष्याची दोरी ताणताना तर्जनीला ताण जाणवतो. जुन्या कंट्रोलरमध्ये असंतुलित वजन फिरवून जी थरथर निर्माण केली जात असे, तिच्या जागी ध्वनिवर्धकाच्या तत्त्वावर चालणारी सूक्ष्म कंपनयंत्रे आली आहेत आणि ती वाळूवर पडणारे पाऊल व काचेवर पडणारे पाऊल यांतला फरक तळहाताला कळवू शकतात. कन्सोलसोबतच मिळणारा ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ हा खेळ तर या गुणांचे प्रात्यक्षिक म्हणूनच रचलेला आहे. त्यात अंतर्भूत मायक्रोफोनवर फुंकर मारावी लागते आणि ड्युअलशॉक ४ मध्ये मायक्रोफोनच नाही. अशा खेळाने जुना कंट्रोलर नाकारला, तर त्यात अन्याय नाही.

परंतु हाच युक्तिवाद सरसकट सर्व खेळांना लावला जातो तेव्हा तो टिकत नाही आणि तो टिकत नाही याचा पुरावा त्याच कन्सोलच्या सेटिंगमध्ये आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये कंपन पूर्णपणे बंद करता येते, ट्रिगरचा विरोधही बंद करता येतो, आणि दोन्ही बंद करून बसलेल्या खेळाडूला कोणताही खेळ अडवत नाही. ज्या अनुभवाच्या रक्षणासाठी जुना कंट्रोलर दूर ठेवला जातो, तो अनुभव नव्या कंट्रोलरच्या मालकाला हवा तेव्हा सोडून देता येतो. याहून मोठा पुरावा संगणकावर मिळतो. ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ हा खेळ २०२१ मध्ये केवळ प्लेस्टेशन ५ साठी आणि त्याच्या सामर्थ्याची साक्ष म्हणून प्रसिद्ध झाला, २०२३ मध्ये सोनीनेच तो संगणकासाठी आणला तेव्हा ड्युअलशॉक ४ त्यात विनातक्रार स्वीकारला गेला, इतकेच नव्हे तर ज्याला थरथर नाही, विरोध नाही आणि स्पर्शाची कसलीही भाषा नाही, असा साधा कीबोर्डसुद्धा स्वीकारला गेला. कीबोर्डने जो खेळ शेवटपर्यंत खेळता येतो, तो ड्युअलशॉक ४ ने खेळता येणार नाही असे म्हणणे हा तांत्रिक निष्कर्ष नसून विक्रीचा निर्णय आहे.

हा निर्णय अपरिहार्य नव्हता, हे या क्षेत्राचा इतिहास सांगतो. १९७७ च्या अटारी २६०० ची नऊ पिनांची जोडणी पुढे कमोडोर ६४ सारख्या संगणकांनीही घेतली आणि एका यंत्राची जॉयस्टिक दुसऱ्याला लावणे ही सामान्य गोष्ट झाली. निन्टेन्डोच्या वी या २००६ च्या कन्सोलच्या झाकणाखाली आधीच्या गेमक्यूबच्या कंट्रोलरसाठी चार जागा होत्या, आणि २००१ साली निघालेला तो कंट्रोलर ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ च्या खेळाडूंना इतका प्रिय राहिला की २०१४ मध्ये वी यू या कन्सोलसाठी कंपनीने स्वतःच त्याचा अ‍ॅडॉप्टर विकला. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ मूळ स्विचचे जॉय-कॉन बिनतारी पद्धतीने स्वीकारतो. ते नव्या यंत्राच्या कडेला बसत नाहीत आणि झोपलेल्या यंत्राला जागे करू शकत नाहीत, पण जेथे नव्या जॉय-कॉनचा माऊससारखा वापर अनिवार्य आहे असे खेळ वगळता ते खेळाच्या आड येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने तर २०१३ च्या एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर २०२० च्या सिरीज एक्सवर नव्या खेळांसकट चालू दिले. योग्य तत्त्व हेच आहे: कोणते उपकरण पुरेसे आहे हे त्या त्या खेळाच्या गरजेने ठरावे, यंत्राच्या सरसकट बंदीने नव्हे. शेगडी नवी घेतली म्हणून कोणी चालता रेग्युलेटर फेकून देत नाही, आणि जुना जेथे खरोखरच बसत नाही तेथे नवा घेण्यास कोणाची हरकतही नसते.

जुना कंट्रोलर बहुतेक घरांत धाकट्या भावंडाचा किंवा पाहुण्याचा कंट्रोलर होतो, म्हणून हा प्रश्न भारतीय कुटुंबाच्या खर्चाशी जोडला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि ज्यांचे नुकसान पैशांत मोजता येत नाही, अशा खेळाडूंचा विचार येथे अधिक विस्ताराने करणे भाग आहे. ज्याच्या एका हाताची बोटे वळत नाहीत किंवा जो हनुवटीने, कोपराने, पायाने खेळतो, त्याच्यासाठी कंट्रोलर दुकानातून आणलेल्या अवस्थेत राहत नाही: तो उघडला जातो, त्यातील बटणाच्या तारा बाहेर काढून एखाद्या मोठ्या खटक्याला जोडल्या जातात, स्टिकवर उंच टोपण बसवले जाते, आणि कारागीर व खेळाडू यांनी अनेकदा मिळून केलेल्या फेरफारांनंतर ते उपकरण एका विशिष्ट शरीराच्या मापाचे होते. अशा उपकरणाची दुसरी प्रत बाजारात नसते, आणि नवा कन्सोल ते नाकारतो तेव्हा तो त्या माणसालाच दाराबाहेर उभे करतो.

मायक्रोसॉफ्टच्या २०१८ च्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरने या प्रश्नाला आजवरचे सर्वांत समंजस उत्तर दिले. त्याच्या मागील कडेवर ३.५ मिलिमीटरची, म्हणजे जुन्या हेडफोनच्या मापाची, एकोणीस छिद्रे आहेत, आणि प्रत्येक छिद्र कंट्रोलरच्या एका बटणाची जागा घेते. हे माप निवडण्यामागे दूरदृष्टी होती, कारण अपंगांसाठीची साहाय्यक उपकरणे कित्येक वर्षांपासून याच पिनेवर चालत आली आहेत. खटका म्हणजे अखेर दोन तारा आणि त्या जोडणारे बटण, तेव्हा डाग देता येणारा कोणताही गल्लीतला मेकॅनिक तो तयार करू शकतो. तरीही याच कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये, अनधिकृत उपसाधनांमुळे खेळाच्या अनुभवाला बाधा येते असे सांगून, मान्यता नसलेली उपकरणे एक्सबॉक्सवर रोखण्यास सुरुवात केली, आणि आपल्या शरीरापुरते अ‍ॅडॉप्टर जमवून खेळणाऱ्या खेळाडूंमध्ये चिंता पसरली. स्पर्धेतील लबाडी रोखणे आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु एकट्याने घरी खेळल्या जाणाऱ्या खेळातही तीच बंदी लावण्यास कोणतेही समर्थन नाही.

सोनीने डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅक्सेस हा आपला अनुकूलक्षम कंट्रोलर आणला, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. त्याचे दोन नग आणि एक ड्युअलसेन्स एकत्र जोडून त्यांचा मिळून एकच कंट्रोलर करता येतो, ज्यामुळे खेळाडूला जमतील तेवढ्या आज्ञा त्याने द्याव्यात आणि उरलेल्या शेजारी बसलेल्या बहिणीने किंवा मित्राने द्याव्यात, ही सोय होते. या जोडणीत ड्युअलशॉक ४ ला मात्र स्थान नाही. ज्याने आपल्या हाताप्रमाणे तो आधीच बदलून घेतला आहे, त्याच्यासाठी एका सॉफ्टवेअर अद्ययावतीकरणात ही परवानगी देता येण्यासारखी आहे, आणि ती देण्यास झालेला विलंब आता पुरेसा झाला.