हेडफोन आणि कानांचें सुख

आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास व १८५४ सालीं कल्याणास आली, आणि आमची वस्ती रुळांच्या कडेनेंच वाढली. आज डोंबिवलींतील विद्यार्थी घरीं हेडफोन लावून पाठ ऐकूं लागला, कीं गाडी धडधडत जाते व त्याचा हात आवाज वाढवितो. गाडी जाते, वाढलेला आवाज मात्र तसाच राहतो! जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मुलांनीं ७५ डेसिबल आवाज आठवड्यांत ४० तासांहून अधिक ऐकूं नये. तीन डेसिबल वाढतांच ही मुदत निम्मी होते.

म्हणून, पाठीमागून बंद असलेले हेडफोनच घरीं इष्ट, असें आम्हांस वाटतें. ते बाहेरचा गोंगाट अडवितात, व मंद आवाजांत काम भागतें. मात्र ते बोचूं लागले, तर मूल ते दूर सारील. गादी कानावर न दाबतां कानाभोंवतीं बसावी. चष्म्याच्या काड्या रुतूं नयेत. वजन हलकें असावें. आमच्या दमट हवेंत कृत्रिम चामड्याखालीं घाम येतो. कापडी गादी सुखावह, पण ती गोंगाट थोडा अधिक आंत येऊं देते.

पालकहो, खरेदीपूर्वीं ते मुलास अर्धा तास लावून पाहूं द्यावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तासाभरानें ते उतरवून ठेवा; गोंगाटानें गेलेली श्रवणशक्ति पुन्हां परत येत नाहीं.